कार्ड तापलं, गेम बंद!

महाड-पोलादपूरला मे महिन्यात वारा पडला की खोलीच भट्टी होते. खोली १० अंशांनी तापली की ग्राफिक्स कार्डही जवळपास तेवढंच जास्त तापतं. बऱ्याच एनव्हिडिया कार्डांची कमाल मर्यादा ९० अंशांच्या आसपास. ती जवळ आली की कार्ड वेग कमी करतं, गेम अडखळतो. कॅबिनेटचं झाकण काढून पाहा. तापमान झटकन उतरलं, तर आत हवा खेळत नाही. कार्ड ७० अंशांवर असतानाच संगणक बंद पडतोय? मग संशय पॉवर सप्लायवर. पावसाळ्यातली दमट धूळ फुंकरीने निघत नाही. प्लग काढून, पंखा बोटाने धरून मऊ ब्रशने झाडावी. तरीही कार्ड तापलं, तर थर्मल पेस्ट बदलायचं बघू. महाडच्या जुलै २०२१च्या पुरात बुडालेला पॉवर सप्लाय मात्र वाळवूनही वापरू नये.