शेगडीचें काळेपण

अमरकोशांत शेगडीला अंगारधानिका, अंगारशकटी आणि हसन्ती अशीं नांवें दिलेलीं आहेत. हसन्ती म्हणजे हसणारी. फुललेल्या निखाऱ्यांची शेगडी ज्यानें संध्याकाळीं अंगणांत पाहिली असेल, त्याला या नांवाचें स्वारस्य वेगळें सांगावयास नको.

गॅसनें या हसन्तीला स्वयंपाकघरांतून केव्हांच बाहेर काढलें. परंतु अलीकडे ती अंगणांत व गच्चीवर पुनः मानानें येऊन बसूं लागली आहे. पावसाळ्यांत मक्याचीं कणसें, हिवाळ्यांत भरिताचीं वांगीं भाजण्यासाठीं पुष्कळ घरीं बिडाची शेगडी व तिजवर ठेवावयाची लोखंडी जाळी घेतली जाते. मात्र दोन पावसाळे जातात न जातात तोंच दोन्हीं गंजून मोडींत निघतात. यांत दोष लोखंडाचा नसतो; आपल्या घासण्याच्या संवयीचा असतो.

आपल्याकडे भांडें घासणें म्हणजे तें लख्ख करणें. तांब्यापितळेस चिंच लावून चकाकी आणावी हें योग्यच आहे. पण तोच नियम लोखंडास लावला कीं अनर्थ ओढवतो. लोखंडाचें 'कालायस' हें जुनें नांव उगीच पडलेलें नाहीं. काळेपण हेंच त्याचें आरोग्य होय.

मळ आणि कवच यांतील भेद येथें ध्यानांत घ्यावा. अन्नाची जळकी खरपुडी हा मळ. तो काढलाच पाहिजे. त्याखालचा गुळगुळीत, काळाभोर थर मात्र तेलाचा असतो. कांहीं तेलें हवा व उष्णता लागली असतां त्यांचे कण एकमेकांस सांधले जाऊन घट्ट होतात. क्रिकेटच्या बॅटीस जवसाचें तेल चोळतात, चित्रकार तेंच रंगांत मिसळतात, तें याच गुणामुळें. हें कवच हवा व ओल यांना लोखंडापर्यंत पोहोंचूं देत नाहीं. म्हणून गंज चढत नाहीं आणि वांग्याची सालही जाळीस चिकटत नाहीं.

नव्या लोखंडाला हें तेल आपणच पाजावें लागतें. दुकानांतून आलेली जाळी कोमट पाण्यानें व थोड्या साबणानें धुवून विस्तवावर पूर्ण कोरडी करावी. नंतर करडईचें किंवा शेंगदाण्याचें तेल फडक्यानें सर्वत्र चोळावें, आणि जणूं तें चुकून सांडलें होतें अशा समजुतीनें दुसऱ्या कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावें. उरेल तेवढाच थर पुरे. अधिक राहिल्यास चिकटा धरतो. मग धूर निघणें थांबेपर्यंत, सुमारें पाऊण तास, जाळी मध्यम निखाऱ्यांवर तापवावी व आपोआप निवूं द्यावी. असें ३-४ वेळां करावें. शेगडीच्या अंगासही असाच हात फिरवावा. खोबरेल व तूप या कामीं उपयोगीं नाहींत. त्यांचें असें कवच बनत नाहीं. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी तर घेऊंच नये. विस्तवावर तिचा अपायकारक धूर होतो.

भाजणें संपल्यावर जाळी कोमट असतांनाच काथ्यानें घासावी. तारेचा ब्रश टाळावा. त्याची तुटलेली तार अन्नांतून पोटांत जाण्याचें भय असतें. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतूं नये. बीड कठीण खरें, पण ठिसूळ, एकाएकीं निवल्यास तडकतें. सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें राखेकडे. राख ओल धरते, आणि तिचा क्षार तेलाचें कवच खातो. ज्या गुणामुळें तिनें तेलकट भांडें स्वच्छ होतें, तोच गुण येथें घातक ठरतो. म्हणून दुसऱ्या दिवशीं, निखारे पूर्ण विझल्याची खात्री करून, राख काढावी. पावसाळ्यापूर्वीं तेलाचा एक पातळ हात देऊन शेगडी आडोशाला ठेवावी. गंज चढलाच, तर मात्र चिंच जरूर लावावी. पण त्यानंतर लगेच धुवून, वाळवून, तेल पाजण्याचा सारा विधि पुनः करावा.

एक गोष्ट निक्षून सांगतों. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी घरांत आणूं नये, आणि बाळंतिणीच्या बंद खोलींत तर कधींच ठेवूं नये. कोळशांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं. निजलेलें माणूस त्यानें निजल्याजागीं दगावतें.

मोठ्या कुटुंबांत भांडीं अनेक हातांखालून जातात, आणि प्रत्येक सून आपल्या माहेरची रीत घेऊन येते. एका हातानें वर्षभर चढविलेला थर दुसऱ्या हाताची चिंच एका सकाळींत उतरविते. त्यांत दोष कोणाचाच नसतो, सांगितलें नाहीं एवढेंच. म्हणून शेगडी घरीं येईल त्या दिवशींच सर्वांस एकत्र बसवून, मोलकरणीसही बोलावून, हा नियम कारणासह समजावून द्यावा. मग घरच्या नातवंडांनाही त्याच जाळीवर कणसें भाजतां येतील.