प्रसूतीनंतरचे पहिले काही तास : दवाखान्यात काय होते, कशाकडे लक्ष द्यावे?

बाळाचे रडणे ऐकू आले की बाहेर थांबलेल्या नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. फोन सुरू होतात, पेढे येतात. डॉक्टर आणि सिस्टर मात्र याच वेळी सर्वांत सावध असतात, कारण जास्त रक्तस्राव होण्याचा धोका प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. म्हणूनच सगळे ठीक असले तरी बाळंतिणीला साधारण दोन तास नजरेखाली ठेवतात. "अजून वॉर्डात का आणत नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते.

आईची तपासणी कशी होते?

बाळ जन्मल्यावर आईला गर्भाशय आकुंचन पावण्यासाठी इंजेक्शन देतात. साधारण अर्ध्या तासाच्या आत वार पडते. ती पूर्ण पडली आहे का, हे डॉक्टर तपासतात आणि गरज असेल तर जागा बधिर करून टाके घालतात.

त्यानंतर सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब आणि रक्तस्राव पाहिला जातो. सिस्टर बेंबीजवळ पोट दाबतात. हे दुखते, पण गर्भाशय चेंडूसारखे घट्ट झाले आहे ना, हे त्यातूनच कळते. ते सैल राहिले तर रक्तवाहिन्या बंद होत नाहीत आणि रक्त जात राहते. मूत्राशय भरलेले असले तरी गर्भाशय नीट आकसत नाही. म्हणून टाक्यांची भीती वाटली तरी लघवी रोखून धरू नका. सहा तासांत लघवी झाली नाही तर सांगा.

या गोष्टींना घाबरू नका

- थंडी वाजून अंग थरथरणे
- ओटीपोटात कळा येणे. दूध पाजताना आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या जास्त जाणवतात
- पाळीपेक्षा थोडे जास्त अंगावरून जाणे
- पहिल्यांदा उठताना चक्कर येणे (बाथरूमला सोबत कोणीतरी जावे, आतून कडी लावू नये)

सिस्टरना लगेच बोलवा

- तासाभरात एक पॅड पूर्ण भिजले किंवा मोठ्या गाठी पडल्या
- बाळंतीण पांढरी पडली, घाम सुटला, छातीत धडधडू लागले
- खूप डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, झटका आला
- धाप लागते किंवा छातीत दुखते
- टाक्यांच्या जागी वेदना आणि सूज वाढतच चालली आहे

"बाळंतपणात रक्त जायचेच" असे म्हणून वाट पाहू नका. रक्त कंबरेखाली चादरीवरही साचते, त्यामुळे फक्त पॅड न पाहता तिथेही पाहा. भिजलेले पॅड सिस्टरना दाखवल्याशिवाय टाकू नका. थकल्यामुळे झोप लागणे स्वाभाविक आहे; पण हाक मारून ती नीट उत्तर देत नसेल, तर ती झोप समजू नका.

बाळाचे काय?

बाळ ठीक असेल तर त्याला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. त्याने बाळ उबदार राहते आणि दूध ओढायला लागते. पहिल्या तासाभरातच अंगावर पाजायला घ्यावे. सुरुवातीचे पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. तो थोडाच असतो, पण बाळाला तेवढा पुरतो. तो पिळून टाकू नका. मध, गुटी, साखरेचे पाणी काहीही चाटवू नका. मधातून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो.

बाळाला व्हिटॅमिन के आणि हिपॅटायटिस बीचे इंजेक्शन, बीसीजी लस आणि पोलिओचे थेंब दिले जातात. अंघोळीची घाई नको; निदान 24 तास थांबा. बाळ निळसर दिसले, कण्हत श्वास घेत असेल, अंग गार पडले किंवा दूध ओढत नसेल तर लगेच सांगा.

सिझेरियन झाले असेल तर

पाय काही तास बधिर राहतात, लघवीची नळी असते आणि पाणी-जेवण कधी द्यायचे ते डॉक्टर सांगतात. रक्तस्रावावर लक्ष इथेही तितकेच हवे. बाळाला मात्र लवकर पाजता येते. धरायला सिस्टरची मदत घ्या.

खाणे-पिणे आणि सोबत

नॉर्मल प्रसूतीनंतर डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोड्याच वेळात खाता-पिता येते. "पाणी प्यायल्याने पोट सुटते" हा गैरसमज आहे. दूध पाजणाऱ्या आईला तर तहान जास्त लागते.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी टाळा. त्याऐवजी आई, सासू, नवरा यांपैकी एकाने सतत जवळ थांबावे. सगळ्यांचे डोळे बाळाकडे असतात. या एका माणसाने बाळंतिणीकडे पाहावे. शंका आली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना उठवायला संकोच करू नका.