पदवी आहे, वाट नाही

पॅलेस्टाईनच्या विद्यापीठांत मुलांपेक्षा मुली जास्त शिकतात. तरीही ऑक्टोबर २०२३ च्या गाझा युद्धापूर्वी तिथं नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रिया पाचांत एकीहूनही कमी होत्या. पुरुषांत हेच प्रमाण दहांत सात. हे आकडे दिसले की देणगीदार संस्था लगेच प्रशिक्षण शिबिरं भरवतात: शिवण, संगणक, मुलाखतीची तयारी. मला हा सगळा रोखच चुकलेला वाटतो. या मुली शिकायच्या राहिलेल्या नाहीत. शिकून जायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न आहे.

१९९५ च्या दुसऱ्या ओस्लो करारानं वेस्ट बँकेचे अ, ब आणि क असे तीन विभाग पडले. सुमारे साठ टक्के जमीन ‘क’ विभागात, म्हणजे पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात. तिथं साधी शेड उभारायला किंवा विहीर खणायला इस्रायली परवाना लागतो आणि पॅलेस्टिनींना तो क्वचितच मिळतो. त्यामुळे कारखाने उभे राहत नाहीत. शहरांच्या मध्ये तपासनाके आहेत. नाब्लुसच्या मुलीला रामल्लात नोकरी लागली, तरी संध्याकाळी नाका उघडा असेल याची हमी कुणी देत नाही. घरी तान्हं मूल असेल तर ती नोकरी सुटलीच म्हणायची. मग ती गावातल्या बालवाडीत शिकवते. २०२२ पासून किमान वेतन महिना १,८८० शेकेल ठरलं आहे, पण अशा ठिकाणी अनेकींच्या हातात तेवढेही पडत नाहीत.

तरुण मुलगे इस्रायलमध्ये कामाला, मुख्यतः बांधकामावर, जात. ऑक्टोबर २०२३ पूर्वी असे दीड लाखाहून अधिक कामगार होते, आणि तिथली मजुरी वेस्ट बँकेतल्या मजुरीच्या दुपटीहून जास्त होती. युद्ध सुरू होताच बहुतेकांचे परवाने थांबले. २०२४ च्या जानेवारीत त्या जागा भरण्यासाठी रोहतक आणि लखनौला भारतीय कामगारांची निवड सुरू झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं वेस्ट बँकेतली बेकारी सुमारे ३५ टक्के आणि गाझातली जवळपास ८० टक्के असल्याचं सांगितलं. घरातल्या पुरुषाची मजुरी गेली तेव्हा अनेक घरांत चूल पेटती राहिली ती बायकांच्या हातकामावर.

ते हातकाम जवळून पाहण्यासारखं आहे. तत्रीज म्हणजे फुली टाक्याचं भरतकाम. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. कापड गुळगुळीत असेल तर त्यावर जाळीदार कॅनव्हास टाचतात, जाळीची घरं मोजत टाके घालतात आणि नक्षी पुरी झाली की कॅनव्हासचे धागे एकेक करून ओढून काढतात. थोब या पायघोळ झग्याची छाती भरायला कित्येक आठवडे जातात. पैसे मात्र नगावर मिळतात, तासावर नाही. रामल्लाला लागून असलेल्या अल-बिरेहमध्ये समीहा खलील यांनी १९६५ साली ‘इनआश अल-उसरा’ ही संस्था काढली ती याच बायकांना कामाचा नियमित मोबदला मिळावा म्हणून. याच समीहाबाई १९९६ मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या अध्यक्षपदासाठी यासर अराफत यांच्याविरुद्ध एकट्या उभ्या राहिल्या. मला त्यांचं मोठेपण यात दिसतं की त्यांनी बाईच्या टाक्याला दानधर्म न मानता मजुरी मानलं.

गाझात वाट बंद म्हणून तरुणांनी संगणकाची खिडकी शोधली. ‘गाझा स्काय गीक्स’ हे केंद्र २०११ मध्ये सुरू झालं आणि तिथं मुली मोठ्या संख्येनं आल्या. युद्धापूर्वीही वीज दिवसातून काही तासच असे, मोबाईलचं जाळं टू-जीवर अडकलेलं होतं. काम झालं तरी परदेशी गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायचे कसे? पेपाल वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहतीत राहणाऱ्याला खातं देतं, शेजारच्या पॅलेस्टिनीला देत नाही. युद्धानं तर गाझातली विद्यापीठंच जमीनदोस्त केली.

काही अडथळे मात्र पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या स्वतःच्या कागदावर आहेत. २००० सालच्या कामगार कायद्यातून घरकामगार आणि मालकाचे जवळचे नातेवाईक वगळले आहेत. नवऱ्याच्या किंवा बापाच्या ऑलिव्ह-बागेत राबणारी बाई त्यामुळे कामगार ठरतच नाही. तिला ना किमान वेतन, ना बाळंतपणाची रजा. विधिमंडळ २००७ पासून ठप्प आहे आणि कायदे अध्यक्षांच्या आदेशानं निघतात. हे कलम बदलायलाही तसा एक आदेश पुरेल, आणि त्यासाठी कुठल्याही नाक्यावर परवाना मागावा लागत नाही.