छताला स्पंज पेंटिंग करताय? ब्रश उचलण्याआधी 'ही' तपासणी करा. ओल असेल तर सगळा खर्च पाण्यात

पुसद : दिवाळीआधी पुसदमध्ये घरोघरी रंगकाम सुरू होते. भिंतींवरचे स्पंजचे डिझाइन आता छतावरही करून घेतले जाते. हे काम घरच्या घरी जमण्यासारखे आहे. पण पावसाळ्यात मुरलेली ओल या नक्षीखाली झाकली, तर काही महिन्यांत पोपडे पडतात. काय काळजी घ्यावी? जाणून घेऊ.

आधी ओल तपासा

छताला एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. २४ तासांनी आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर स्लॅबमध्ये ओल आहे. आधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करा, स्लॅब वाळू द्या, मगच रंग लावा.

काठीने छत हळूच ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा गंजलेली सळई दिसली, तर तिथे रंग नको. प्लास्टर अंगावर पडू शकते. मिस्त्रीला दाखवा.

जुना चुना असेल तर?

जुन्या घरांत छतावर चुन्याचे थरावर थर असतात. हाताला पांढरी भुकटी लागत असेल, तर तो खरवडून काढा. चुन्याच्या भुकटीवर इमल्शन टिकत नाही.

जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांसाठी घातक असते. मास्क लावून, पाणी मारत घासा. देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. त्याआधीच्या रंगांबाबत जास्त जपा.

काम कसे करायचे?

१. पंखा-दिव्यांचा मेन स्विच बंद करा. भिंतीच्या कडेला मास्किंग टेप लावा.
२. भेगा पुट्टीने भरा, घासा, प्रायमर मारा.
३. फिकट इमल्शनचे दोन हात द्या. रात्रभर वाळू द्या.
४. स्पंजच्या कडा हाताने तोडून वेड्यावाकड्या करा. सरळ कडा राहिल्या तर चौकोनी ठसे उमटतात.
५. स्पंज ओला करून पिळा, रंगात हलकेच टेकवा, जादा रंग रद्दी कागदावर टिपा.
६. छतावर फक्त टेकवा, घासू नका. दर वेळी मनगट फिरवा. तीन-तीन फुटांचा भाग घेत पुढे सरका आणि मधूनमधून खाली उतरून पाहा.

रंग कोणता, किती?

छत बुटके असेल, तर गडद रंग टाळा. खोली आणखी ठेंगणी दिसते. पांढऱ्यावर फिकट निळा किंवा मलईवर बदामी, असा एकाच छटेतला फरक पुरेसा आहे. १० बाय १२ च्या खोलीचे छत १२० चौरस फूट भरते. स्पंजचा रंग पूर्ण पृष्ठभाग झाकत नाही, त्यामुळे त्यासाठी सहसा अर्धा लिटर पुरतो.

हे विसरू नका

एप्रिल-मेमध्ये पुसदचा पारा ४० अंशांपुढे जातो. रंग झटकन वाळतो आणि जोड दिसतात. उन्हाळ्यात काम सकाळीच उरका. शिडी एकाने धरावी. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण रंग थेट खाली टपकतो.

बजेट कमी असेल, तर पूर्ण छत करू नका. पंख्याभोवतीचे वर्तुळ किंवा कडेचा एक फुटाचा पट्टा पुरे. उरलेले पैसे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लावा. छत कोरडे राहिले, तरच रंग टिकेल.