धिंगरी अळिंबीचे औषधी गुण : खरे किती, सांगावे किती?

गव्हाचे काड, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचे कुटार यांवर धिंगरी अळिंबी घेणारे शेतकरी आणि महिला बचत गट आता अनेक गावांत आहेत. माल विकताना गिऱ्हाईक हमखास विचारते, "ही खाल्ल्याने साखर जाते म्हणतात, खरे का?" या प्रश्नाचे नेमके उत्तर उत्पादकाला माहीत असावे. चुकीच्या उत्तरावर विसंबून एखाद्या रुग्णाने गोळ्या बंद केल्या, तर त्याच्या जिवावर बेतू शकते.

अळिंबीत काय असते?

ताज्या धिंगरीत सुमारे ९० टक्के पाणी असते. वाळलेल्या धिंगरीत साधारणपणे २० ते ३० टक्के प्रथिने असतात. स्निग्ध पदार्थ व साखर कमी आणि तंतुमय पदार्थ भरपूर असल्याने मधुमेही व स्थूल व्यक्तींच्या आहारात ती चांगली बसते. मात्र आहारात चालणे वेगळे आणि रोग बरा करणे वेगळे. याशिवाय तिच्यात पुढील घटक आढळतात.

१) बीटा-ग्लुकॅन : पेशीभित्तिकेतील हा तंतुमय घटक रोगप्रतिकारक पेशींना चालना देतो. शिताके अळिंबीतील लेंटिनन याच गटातील असून १९६९ मध्ये चिहारा व सहकाऱ्यांनी जपानमध्ये ते वेगळे केले. तेथे जठराच्या कर्करोगावर इतर औषधांच्या जोडीला ते इंजेक्शनद्वारे दिले गेले. शुद्ध करून शिरेतून दिलेले औषध आणि ताटातील भाजी यांची बरोबरी करू नये.

२) लोव्हास्टॅटिन : कोलेस्टेरॉल कमी करणारे हे औषध अमेरिकेत १९८७ मध्ये मान्य झाले. ते एका बुरशीपासून मिळवले होते. धिंगरीतही ते अल्प प्रमाणात सापडते, पण जात आणि वाढीची अवस्था यांनुसार प्रमाण बदलते. उंदरांवरील प्रयोगांत धिंगरीयुक्त आहाराने कोलेस्टेरॉल घटले. माणसांवरील चाचण्या मात्र लहान आहेत.

३) अर्गोथायोनीन : पेशींची झीज रोखण्यास मदत करणारा हा घटक आपल्या आहारात मुख्यतः अळिंबीतूनच मिळतो.

४) अर्गोस्टेरॉल : सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे याचे 'ड' जीवनसत्त्व (डी-२) बनते.

उन्हाचा उपयोग करून घ्या

शेवटचा गुण वाढविणे उत्पादकाच्या हातात आहे. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या अळिंबीत 'ड' जीवनसत्त्व फार कमी असते. काढणीनंतर अळिंबी चिरून किंवा छत्रीखालची पापुद्र्यांची बाजू वर करून दुपारच्या उन्हात १५ ते २० मिनिटे ठेवावी. कडक उन्हात एवढ्या वेळात १०० ग्रॅम चिरलेल्या बटन अळिंबीत १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त 'ड' जीवनसत्त्व तयार झाल्याचे आढळले आहे. प्रौढ माणसाची रोजची गरज १५ मायक्रोग्रॅम धरली जाते. काचेआड ठेवल्यास उपयोग होत नाही, कारण काच हे किरण अडवते. माल वाळवायचा असल्यास कडक वाळवून हवाबंद पिशवीत भरावा.

काळजी कोणती घ्यावी?

• छत्रीच्या कडा वळण्यापूर्वी काढणी करावी. उशीर झाल्यास बीजाणू हवेत पसरतात व काम करणाऱ्यांना खोकला, दम लागणे असा त्रास होतो. खोलीत शिरताना नाकातोंडावर स्वच्छ फडके बांधावे व हवा खेळती ठेवावी.
• अळिंबी नेहमी शिजवूनच खावी. पेशीभित्तिकेतील कायटिनमुळे कच्ची अळिंबी पचायला जड जाते.
• रानातील अनोळखी भूछत्रे खाऊ किंवा विकू नयेत. काही जाती शिजवूनही विषारीच राहतात.
• पाकिटावर "मधुमेह, कर्करोग बरा होतो" असे छापू नये. अशा जाहिरातींना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने बंदी आहे.

तेव्हा गिऱ्हाइकाला सरळ सांगावे, "ही पौष्टिक भाजी आहे, मधुमेह्यालाही चालते, पण डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नका." अशा खऱ्या शब्दावर आलेले गिऱ्हाईक पुन्हा येते.