विश्लेषण : गोठण्याआधीच प्रथिने का बिघडतात? फवारणी तंत्र किती उपयोगी?

क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची किंमत कोट्यवधींच्या घरात. प्रथिनही शुद्ध. तरीही चित्र धूसर येते. अशा वेळी दोष अनेकदा यंत्रात नसतो; नमुना गोठण्यापूर्वीच्या काही सेकंदांत असतो.

नमुना कसा तयार होतो?

सुमारे ३ मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर प्रथिनाच्या द्रावणाचा थेंब ठेवतात. जास्तीचे द्रावण टिपकागदाने टिपून जाळी उणे १८० अंश सेल्सियसच्या आसपासच्या द्रवरूप इथेनमध्ये बुडवतात. पाण्याला स्फटिक होण्याइतका वेळच मिळत नाही. ते काचेसारखे गोठते. या तंत्राचे प्रणेते जॅक द्युबोशे यांना २०१७ मध्ये योआखिम फ्रँक आणि रिचर्ड हेंडरसन यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग अडचण कुठे?

टिपल्यानंतर उरणारा थर जेमतेम काही दशक नॅनोमीटरचा. त्यात प्रथिनाचा रेणू साधारण मिलिसेकंदात पाणी आणि हवेच्या सीमेवर आदळतो. तेथे तो चिकटतो, एकाच कुशीवर पडतो किंवा उलगडतो. त्रिमितीय रचनेसाठी मात्र सर्व बाजूंची चित्रे लागतात. फॅटी ॲसिड सिंथेस या प्रथिनावरील २०१९ च्या अभ्यासात सीमेला चिकटलेले सुमारे ९० टक्के रेणू अंशतः बिघडलेले आढळले. शिवाय टिपकागद बहुतांश नमुना शोषून घेतो, तो तोटा वेगळाच.

फवारणीने काय साधते?

टिपकागद लागत नाही आणि वेळ वाचतो. ‘स्पॉटिटॉन’ हे उपकरण इंकजेट प्रिंटरप्रमाणे सूक्ष्म थेंब सोडते. जाळीवरील नॅनोतारा जास्तीचे पाणी ओढून घेतात. टोरांटोच्या ‘शेक-इट-ऑफ’मध्ये तर घरगुती ह्युमिडिफायरमधील स्वस्त कंपक वापरला आहे.

वेग वाढवला की प्रश्न सुटतो?

नाही. थेंब मोठे असतील तर थर जाड होतो आणि इलेक्ट्रॉन नीट आरपार जात नाहीत. थेंब फार बारीक केले तर पाणी उडून क्षार वाढतात. हवेशी संपर्कही वाढतो. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ६ मिलिसेकंदांत गोठवलेले नमुनेही तपासले. प्रत्येक प्रथिनाचे वागणे निराळे निघाले. वेग हा एक उपाय आहे, रामबाण नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणून ग्राफिनचा आधार किंवा डिटर्जंटसारखे उपायही जोडीला लागतात.

सामान्यांशी संबंध काय?

औषधाचा रेणू प्रथिनाच्या कोणत्या खाचेत बसेल, हे अशाच चित्रांवरून ठरवले जाते. खाचेचे चित्रच धूसर असेल, तर पुढची आखणी अंदाजावर चालते.