पिकअपचे इंजिन लहान की मोठे?

वस्त्यांवर धान्य न्यायला कोणती पिकअप घ्यावी, असे काही बंधुभगिनी विचारतात. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, ७०२ सीसीचा, दोन सिलिंडरचा. पाऊण टन माल नेतो. बोलेरो पिकअपचे इंजिन २५२३ सीसीचे, चार सिलिंडरचे. ती सव्वा टनाहून अधिक ओढते.

दौंड-शिरूरचा मुलूख बहुतेक सपाट. अर्ध्या टनाच्या फेरीला छोटा हत्ती पुरतो, डिझेलही वाचते. पण आंबेगाव-जुन्नरच्या चढावर भरलेले लहान इंजिन खालच्या गिअरमध्येच रखडते आणि बचत तिथेच संपते. तिकडे नेहमी जायचे असेल तर मोठेच घ्यावे. चिखलात मात्र इंजिनापेक्षा टायर महत्त्वाचे.

मोठा हौदा पाहून माणसे बसवण्याचा मोह होतो. मालवाहू गाडीत त्याला कायद्याने मनाई आहे. आजाऱ्यासाठी १०८ला फोन करावा.